टिल्लूचे तेवीस आठवडे

माझा धाकटा भाऊ सहा फूट एक इंच उंच होता, तरी शेवटपर्यंत सगळे त्याला टिल्लूच म्हणत. जन्मला तेव्हा पावणेदोन किलोचा होता. तेव्हा पडलेलं नाव पुढे कोणी बदललं नाही, त्यानंही नाही.

त्याचा धंदा कवळ्या करण्याचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन त्याच्याकडे पाठवत. तो त्या मापात प्लास्टर ओतून साचा काढायचा, साच्यावर मेणाची कवळी उभी करायचा आणि तिच्यात एकेक दात बसवायचा. ती मेणाची कवळी पेशंटच्या तोंडात लावून बघितल्याशिवाय पक्की करायची नाही, हा त्याचा नियम. डॉक्टरांना घाई असली तरी तो ऐकत नसे. वरच्या दातांपैकी एखादा दात तो मुद्दाम किंचित वाकडा लावी. "सगळे दात सरळ असले की माणूस खोटं हसतोय असं वाटतं," असं त्याचं म्हणणं. घरामागच्या खोलीत त्याचं काम चाले. भिंतीवर फळ्या आणि फळ्यांवर ओळीनं जबड्यांचे साचे. आत पाऊल टाकलं की शंभर जण एकदम आपल्याला हसतायत असं वाटे.

त्याच्या काही सवयी होत्या. त्याचा चहाचा कप वेगळा असे, टॉवेल वेगळा असे. मुलीला उचलून घेतलं तरी तिच्या तोंडाजवळ तोंड नेत नसे. सिगारेटला कधी शिवला नाही. दर जानेवारीत छातीचा फोटो काढून घेई. त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तो चार वर्षांचा असताना आमची आई टीबीनं गेली होती.

आईला टीबी नव्हता. हे आमच्या घरात फक्त मला माहीत होतं.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते. आईला साधा तापही मानवत नसे. ताप उतरायचा, पण आई उठायची नाही. एकदा असं पंधरा दिवस झालं, एकदा दोन महिने. तिसऱ्या वेळी ती स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसून राहायची. हातात फणी असायची आणि केस मोकळे. फणी केसांपर्यंत जायची नाही. उजव्या हाताचा अंगठा फणीच्या दातांवरून इकडून तिकडे फिरवत राहायची, इतकंच. मग एक दिवस तिनं घरातली सगळी कपाटं आवरली आणि शेजारणीला सांगितलं की आता माझी कोणाला गरज लागणार नाही. शेजारीण शहाणी, तिनं वडिलांना गाठलं. वडिलांनी दुसऱ्या दिवशी आईला मनोरुग्णालयात नेलं. अकरा महिन्यांनी ती तिथेच न्यूमोनियानं गेली.

वडिलांनी सगळीकडे टीबी सांगितला. त्या काळी टीबी म्हणायलाही लोकांची जीभ अडखळे. त्यातल्या त्यात कमी लाजेचा रोग त्यांनी निवडला. मला ते एकदाच आईला भेटायला घेऊन गेले. तिनं मला ओळखलं नाही. परतताना बसथांब्यावर ते म्हणाले, "धाकट्याला हे कधी कळता कामा नये. तुझ्या तोंडून तर नाहीच नाही." मी बरं म्हटलं. पुढे वडील गेले, माझं लग्न झालं, माझे यजमानही गेले. ते 'बरं' तेवढं राहिलं.

टिल्लूला एक्कावन्नावं लागलं त्या जानेवारीत त्याचा छातीचा फोटो नेहमीसारखा स्वच्छ आला. या वेळी सोबत रक्तही तपासलं होतं, ते मात्र बिघडलेलं निघालं. हिपॅटायटिस-सी. पंचविशीत अपघात झाला तेव्हा त्याला तीन बाटल्या रक्त चढवलं होतं. तेव्हा रक्ताची ही तपासणीच नव्हती. विषाणू सव्वीस वर्षं गुपचूप यकृत खात बसला होता.

यकृताच्या डॉक्टरीणबाई आमच्याहून पुष्कळ लहान होत्या. भराभर बोलायच्या, पण समोरच्याचं ऐकून घ्यायच्या. त्या काळी या रोगावर एकच उपाय होता. अठ्ठेचाळीस आठवडे दर आठवड्याला इंटरफेरॉनचं इंजेक्शन आणि रोज गोळ्या. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो, टिल्लू, माझी भावजय आणि मी. आमच्या आधीचा एक माणूस फाईल बगलेत मारून बाहेर आला आणि कोणी न विचारताच म्हणाला, "मला नाही म्हणाल्या. मी डोक्याच्या गोळ्या घेतो ना. या इंजेक्शनानं माणूस खचतो म्हणे." एवढं बोलून तो जिना उतरला. त्याचे डोळे पिवळे होते.

आम्हाला आत बोलावलं. डॉक्टरीणबाई फॉर्म भरू लागल्या.

"आई?"

"टीबीनं गेली. मी चार वर्षांचा होतो," टिल्लू म्हणाला.

त्यांनी त्याखाली रेघ मारली. "घराण्यात कोणाला मनाचा आजार? डिप्रेशन, वेड, जीव द्यायचा प्रयत्न, असं काही?"

टिल्लूनं अंगठ्यानं माझ्याकडे दाखवलं. "ही माझी बहीण जेवण झालं की चमचे मोजून ठेवते. ते धरत असाल तर लिहा."

डॉक्टरीणबाई हसल्या. भावजय हसली. मीही हसले.

"म्हणजे नाही. ताई, तुम्ही मोठ्या. तुम्हाला काही आठवतं?"

माझ्या डोळ्यांसमोर जिना उतरणारा तो माणूस होता. "नाही," मी म्हटलं.

त्यांनी त्या रकान्यात फुली मारली. मग टीबीसाठी टिल्लूच्या हातावर चाचणीचं इंजेक्शन दिलं, थुंकी तपासायला सांगितली, छातीचा आणखी एक फोटो काढवला. नसलेल्या रोगाचा कसून शोध झाला. शेवटी त्यांनी आम्हा दोघा भावंडांचं एकेक छोटी नळी रक्त मागितलं. "या इंजेक्शनानं काही जणांना मनाचा काहीच त्रास होत नाही आणि काही जण पार बुडतात. हे रक्तातल्या जनुकांवरून आधीच ओळखता येईल का, ते आम्ही बघतोय," त्या म्हणाल्या. टिल्लूनं बाही वर केली. "घ्या, घ्या. सव्वीस वर्षं भाडेकरू ठेवलाय आत, त्याच्या खोलीचीही तपासणी होऊन जाऊ दे."

दर शुक्रवारी इंजेक्शन. ते टोचायला भावजय शिकली. रात्रभर त्याला ताप, थंडी, अंगदुखी. सोमवारपर्यंत तो जरा माणसांत येई. पहिले दोन महिने तो कुरकुरला, पण त्याची थट्टा शाबूत होती. केस गळायला लागले तेव्हा म्हणाला, "बरं झालं, दातांचा माणूस टकलाच शोभतो." मी रोज संध्याकाळी जाऊन त्याचा ताप, वजन, भूक लिहून घेत असे. डॉक्टरीणबाईंच्या तक्त्यात 'मन' असाही एक रकाना होता. मी विचारी, तो म्हणे, "लिही, ठीक." मी ठीक लिही.

बाराव्या आठवड्यात रक्ताचा निकाल आला. विषाणू सापडला नाही. डॉक्टरीणबाई स्वतः खोलीबाहेर येऊन म्हणाल्या, "फार छान चाललंय. आता काही झालं तरी अठ्ठेचाळीस पुरे करायचे." टिल्लूनं वाटेत केक घेतला. घरी आल्यावर दोन घास खाऊन ताटली बाजूला सरकवली. इंजेक्शनामुळे चव गेली असेल, असं आम्ही धरून चाललो.

त्यानंतर तो गप्प होत गेला. आधी थट्टा गेली, मग आवाज. मधूनच एकदम भडकायचा. एक निवृत्त गाण्याच्या शिक्षिका मेणाची कवळी लावून बघायला त्याच्या खोलीवर आल्या होत्या. डॉक्टरांकडे न जाता त्या थेट त्याच्याकडे येत, इतका त्यांचा त्याच्यावर विश्वास. मी तिथेच खुर्चीवर बसले होते.

"जरा 'स' म्हणताना हवा निघतेय हो," त्या म्हणाल्या.

"निघू दे. किती दिवस वापरायचीय तुम्हाला?"

बाई हसल्या. त्यांना वाटलं, नेहमीची चेष्टा. टिल्लूनं त्यांच्या हातातून कवळी घेतली, दिव्यावर धरली, आणि दात एकामागून एक मेणातून सुटून टेबलावर पडेपर्यंत तसाच धरून राहिला. "जा आता," म्हणाला. बाई तोंडाला पदर लावून निघून गेल्या. दात नसलेलं तोंड त्यांनी परक्यासमोर कधी दाखवलं नव्हतं.

भावजयीनं मला ओट्याशी गाठलं. "वन्सं, हे असे कधीच नव्हते हो. काल मुलीनं फोन केला तर म्हणाले, कशाला केलास. डॉक्टरांना सांगू या का?"

"सांगितलं तर इंजेक्शन बंद करतील," मी म्हटलं. "रक्त स्वच्छ झालंय. आता तीसेक आठवडे राहिलेत. दातावर दात ठेवून काढायचे."

तिनं मान हलवली. मी मोठी नणंद, शिकलेली, सगळं लिहून ठेवणारी. माझा शब्द तिनं पंचवीस वर्षांत मोडला नव्हता.

एकोणिसाव्या आठवड्यातल्या मंगळवारी दुपारी मी गेले तेव्हा टिल्लू कामाच्या स्टुलावर बसला होता. समोर रंगांची पट्टी होती. पिवळटपासून पांढऱ्यापर्यंत सोळा छटांचे सोळा नमुन्याचे दात एका पट्टीवर लावलेले असतात, पेशंटच्या रंगाशी जुळवून बघायला. ती पट्टी हातात धरून तो अंगठा त्या दातांवरून फिरवत होता. इकडून तिकडे, पुन्हा तिकडून इकडे. मी दारात उभी आहे हे त्याला कळलंही नाही.

आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याला ती तशी बसलेली आठवणं शक्य नव्हतं. तरीही त्या संध्याकाळी तक्त्यात मी 'ठीक' लिहिलं. पुढे अजून एकोणतीस चौकोन रिकामे होते आणि मला ते भरलेले हवे होते.

तेविसाव्या आठवड्यात भावजय आनंदानं सांगू लागली, "जरा बरं दिसतंय, वन्सं. सकाळपासून खोली आवरतायत." मी मागे गेले. फळ्यांवरचे साचे धुतलेले होते. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली, कोणाचा, कोणत्या डॉक्टरांकडचा, काय काम राहिलं, ते कोणाकडून करून घ्यावं. अवजारं पुसून एका पेटीत भरली होती.

"हे कशाला रे?"

"काही नाही. माझ्यावाचून कोणाचं अडू नये." त्याचा चेहरा शांत होता. किती महिन्यांनी शांत होता.

मी भावजयीला म्हटलं, त्याला एक क्षणही एकटं सोडू नकोस, का ते विचारू नकोस. आणि तशीच तडक इस्पितळात गेले. डॉक्टरीणबाई बाहेर निघाल्या होत्या. मी त्यांना जिन्यातच अडवलं.

"आमच्या आईला टीबी नव्हता," मी म्हटलं.

त्या मला परत खोलीत घेऊन गेल्या. मी सगळं सांगितलं, ताप, स्टूल, फणी, कपाटं, अकरा महिने. तारखा विचारल्या, तारखा सांगितल्या. त्यांनी आधी फोन उचलला, मनोविकाराच्या डॉक्टरांना बोलावलं, टिल्लूसाठी खाट ठेवायला सांगितली. मग माझ्याकडे वळल्या.

"हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही त्याला इंजेक्शन दिलं नसतं."

"कोण म्हणालं?"

मी त्या पिवळ्या डोळ्यांच्या माणसाचं सांगितलं.

"त्यांची गोष्ट वेगळी होती. ते त्या वेळी आजारी होते." त्यांनी टिल्लूची फाईल उघडली. "ताई, तुमच्या भावाला मी इंजेक्शन दिलंच असतं. फक्त आधी महिनाभर मनाची गोळी सुरू केली असती आणि दर आठवड्याला मनाच्या डॉक्टरांना दाखवलं असतं. त्यावर माझे सात पेशंट पुरे अठ्ठेचाळीस आठवडे निभावलेत."

 

"आणि आता?" मी विचारलं.

"आता आजच बंद. लिव्हरचं नंतर."

टिल्लू तीन आठवडे इस्पितळात होता. औषध उतरत गेलं तसा तो वर येत गेला. तिसऱ्या आठवड्यात त्यानं नर्सच्या दातांवर काहीतरी शेरा मारला आणि भावजय रडायला लागली. घरी आल्यावर मी त्याला आईचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तशी सक्त ताकीदच दिली होती. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मुलीचा पापा घेतला नाही, तो उगीचच."

"टिल्लू—"

"थांब, ताई. मला मोजू दे." तो खरंच काहीतरी मोजत होता. "सत्तेचाळीस वर्षं तुला रोज संधी होती."

त्यानं मला घरात यायला बंदी केली नाही. चहाही दिला जाई. पण चार महिने तो माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलला नाही. मुलीला आजीचं खरं काय ते त्यानं माझ्यासमोर सांगितलं, एकही शब्द न चोरता. मला वाटतं, ते कसं सांगायचं असतं हे मला दाखवण्यासाठीच.

इंजेक्शन थांबल्यावर तीन महिन्यांनी विषाणू परत आला. तेवीस आठवडे पुरेसे नव्हते.

दोन वर्षांनी डॉक्टरीणबाईंचा अभ्यास पुरा झाला. त्यांनी आम्हाला दोघांना बसवून समजावलं. ताप येतो तेव्हा शरीर स्वतःच थोडं इंटरफेरॉन तयार करतं; इंजेक्शनानं तेच महिनोन् महिने भरभरून दिलं जातं. म्हणून तापानं खचणारा माणूस त्यानंही खचू शकतो. मेंदूत सेरोटोनिन नावाचं द्रव्य मन ताळ्यावर ठेवायला हातभार लावतं. त्याची ने-आण करणाऱ्या यंत्रणेचा नमुना एका जनुकात असतो, आणि काहींच्या नमुन्यात एक तुकडा आखूड असतो. त्यांच्या यादीत बुडालेल्यांमध्ये आखूड तुकडेवाले जरा जास्त निघाले होते.

"जरा म्हणजे किती?" मी विचारलं.

"जराच. दुसरीकडच्या एका अभ्यासात काहीच फरक दिसला नाही. एवढ्या एका जनुकावर बोट ठेवून सांगता येत नाही, आणखी बरीच असणार. एकेकट्याला खरं तर हे सांगूही नये."

"सांगा हो," टिल्लू म्हणाला. "आमच्या घरात न सांगण्याचा कोटा संपलाय."

त्याच्या त्या जनुकाच्या दोन्ही प्रती आखूड होत्या. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. वडिलांकडून! जन्मभर ज्यांनी आईचं झाकलं, त्यांच्या रक्तातही तेच होतं. आणि मग डॉक्टरीणबाईंनी माझा कागद उलटला. माझ्याही दोन्ही आखूड.

"पण मला कधी काही झालं नाही," मी म्हटलं. मला तीन वेळा टायफॉइड झालाय. यजमान गेले तेव्हाही मी तेराव्या दिवशी कामावर होते.

"असलं म्हणजे होतंच असं नाही, ताई. का, ते मला माहीत नाही."

टिल्लू बाहेर आल्यावर म्हणाला, "एकाच मापाच्या दोन कवळ्या. एक बसते, एक टोचते. करणाऱ्यालाही कळत नाही का ते." एवढं लांब वाक्य तो माझ्याशी बऱ्याच दिवसांनी बोलला होता.

मनाची गोळी देऊन पुन्हा पहिल्यापासून अठ्ठेचाळीस आठवडे करू या, असं डॉक्टरीणबाईंनी सुचवलं. तो नाही म्हणाला. भावजयीनं हातापाया पडून पाहिलं. "ती जागा मी बघून आलोय," तो म्हणाला. "तिथे पुन्हा जायचं, तेही आपल्या पायांनी? लिव्हरनं न्यायचं तर नेऊ दे. तो रस्ता निदान ओळखीचा तरी नाही."

इंजेक्शन बंद झाल्यावर तो सात वर्षं जगला. पाच बरी गेली. गाण्याच्या बाईंची कवळी त्यानं नव्यानं केली, घरी जाऊन माफी मागून आला. सहाव्या वर्षी पोटात पाणी साठायला लागलं, हात थरथरू लागले. मेणात दात सरळ बसेना. त्यानं अवजारं दुसऱ्या एका कारागिराला दिली. या वेळी पेटी भरताना आम्ही तिघं शेजारी बसून होतो. तो अठ्ठावन्नाव्या वर्षी गेला, दुपारी, इस्पितळात, बेशुद्धीत.

त्यानंतर चौदा महिन्यांनी मी वर्तमानपत्रात वाचलं की या रोगावर नुसत्या गोळ्या निघाल्यात. बारा आठवडे घ्यायच्या. इंजेक्शन नाही, ताप नाही, बहुतेकांच्या मनालाही काही होत नाही. मी डॉक्टरीणबाईंना फोन करून खात्री करून घेतली. खरं होतं. तेविसाव्या आठवड्यापर्यंत न थांबता पहिल्या दिवशी बोलले असते तर जुन्याच औषधानं तो बरा झाला असता. आणि विषाणूला आणखी दीड-दोन वर्षं रोखून धरता आलं असतं तर या नव्यानं. दोन्हींच्या मधल्या फटीत तो गेला, आणि ती फट माझ्या एका 'नाही'एवढी होती.

मी ते कात्रण घेऊन भावजयीकडे गेले. का गेले ते आजही मला नीट सांगता येत नाही. ती मटार सोलत बसली होती. मी कागद पुढे केला. तिनं चष्मा लावला, मथळा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"वन्सं," ती म्हणाली, "हे तुम्ही मला दाखवायला आणलंत?"

इतक्या वर्षांत तिनं मला दिलेला तो शब्दांचा एकच मार. मी कागद परत घेतला, तिच्या शेजारी बसले आणि मटार सोलायला लागले. ती उठून दुसऱ्या खोलीत गेली. दिवेलागणीपर्यंत मी सोलत होते, पण ती काही बाहेर आली नाही.